सहा अंकी पत्ता आणि देवळालीचे गणितानंद

छत्रपती संभाजीनगर जिल्ह्यातील सोयगावला पत्र पाठवायचे, तर पाकिटावर गावाच्या नावाखाली ४३११२० हा पिनकोड लिहावा लागतो. टपाल खात्याच्या लेखी या सहा अंकांचा अर्थ ठरलेला आहे. पहिला अंक विभाग सांगतो, पहिले तीन मिळून पत्रांच्या वर्गवारीचा जिल्हा सांगतात आणि शेवटचे तीन अंक टपाल कार्यालय. पण हा अर्थ बाजूला ठेवला, तर उरते ती एक मोठी पूर्ण संख्या : चार लाख एकतीस हजार एकशे वीस. तिच्याविषयी काही सांगता येईल का?

शाळेत शिकलेले आधी आठवते. संख्या सम आहे, शेवटी शून्य असल्याने तिला दहाने भाग जातो. मूळ अवयव पाडले, तर चार वेळा २, एकदा ५, मग १७ आणि ३१७ मिळतात. तिला एकूण ४० विभाजक आहेत. इथपर्यंत आल्यावर बहुतेक जण वही मिटतात. नाशिकजवळच्या देवळालीतील एका शाळामास्तरांचे गणित मात्र इथून पुढे सुरू होत असे. या संख्येतील अंकांची बेरीज किती? अकरा. अकराने तिला भाग जातो का? नाही, बाकी ८ उरते. मग अशी एखादी संख्या आहे का, की जिच्यात तिच्याच अंकांची बेरीज मिळवली तर ४३११२० येईल? आहे. ४३१११० मधील अंकांची बेरीज १० होते आणि ती मिळवली की नेमका सोयगावचा पिनकोड मिळतो.

असले प्रश्न विचारण्यात आणि त्यांची उत्तरे शोधण्यात ज्यांनी आयुष्य घालवले, ते दत्तात्रेय रामचंद्र कापरेकर. महाराष्ट्राने त्यांना ‘गणितानंद’ म्हणून ओळखले. जगाने मात्र त्यांना ओळखायला बराच वेळ लावला.

कापरेकरांचा जन्म १७ जानेवारी १९०५ रोजी डहाणूला झाला. ते आठ वर्षांचे असताना आई गेली आणि त्यांना वडिलांनी वाढवले. वडील कारकून होते. त्यांना ज्योतिषाचा नाद होता. पत्रिका मांडायची म्हणजे ग्रहांची स्थाने, अंश आणि कला यांची आकडेमोड आलीच. ज्योतिषाने मुलाला भविष्य सांगितले की नाही, हा प्रश्न वेगळा. पण त्या आकडेमोडीची गोडी त्याला घरातच लागली. माध्यमिक शिक्षणासाठी ते ठाण्याला गेले. तिथे शाळेच्या अभ्यासापेक्षा गणिती कोड्यांमध्ये त्यांचे मन अधिक रमे.

१९२३ मध्ये त्यांनी पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालयात प्रवेश घेतला. विद्यार्थ्याने केलेल्या स्वतंत्र गणिती कामासाठी रँग्लर परांजपे यांच्या नावाचे पारितोषिक दिले जाई. १९२७ मध्ये ते कापरेकरांना मिळाले. १९२९ मध्ये ते बी.एस्सी. झाले. त्यांचे औपचारिक शिक्षण इथे संपले. एम.एस्सी. नाही, डॉक्टरेट नाही, कुठल्या संशोधन संस्थेत जागा नाही. १९३० मध्ये ते देवळालीच्या शाळेत शिक्षक म्हणून रुजू झाले आणि १९६२ मध्ये निवृत्त होईपर्यंत तिथेच शिकवत राहिले.

त्यांच्या कामाची जात कळण्यासाठी आधी डोंबिवली स्थानकावर जावे लागेल. जी.आय.पी. रेल्वेच्या काळात हे स्थानक इंग्रजीत ‘डेम्लो’ या नावाने ओळखले जाई. मुंबईपासून तीस मैलांवरच्या या स्थानकावर गाडी बदलताना कापरेकरांच्या मनात एका प्रकारच्या संख्यांचा विचार आला. त्यांना त्यांनी स्थानकाचेच नाव दिले : डेम्लो संख्या. त्यांतील सर्वांत देखण्या संख्या अगदी सहज तयार होतात. नुसत्या एकांनी बनलेली संख्या घ्यायची आणि तिचा वर्ग करायचा. ११ चा वर्ग १२१. १११ चा वर्ग १२३२१. ११११ चा वर्ग १२३४३२१. नऊ एक घेतले, तर वर्ग येतो १२३४५६७८९८७६५४३२१. जिना चढावा आणि उतरावा तसे अंक वर जातात आणि खाली येतात. दहा एक घेतले, की हातच्यांमुळे जिन्याची मधली पायरी ढासळते. ती का आणि कशी ढासळते, हाही कापरेकरांसाठी अभ्यासाचाच विषय.

शिक्षकाच्या पगारात घर चालवायचे, दिवसभर वर्गावर शिकवायचे आणि उरलेल्या वेळात संख्यांशी खेळायचे, असे त्यांचे दिवस जात. गणिताच्या भारतीय परिषदांना ते पदरमोड करून हजेरी लावत. आसपासच्या महाविद्यालयांत त्यांना व्याख्यानाला बोलावले जाई. पण मोठ्या गणितज्ञांच्या वर्तुळात त्यांच्याकडे फारसे कोणी गांभीर्याने पाहत नसे. त्यांचे लेख फारसे मान नसलेल्या नियतकालिकांत येत. जे तिथेही येत नसे, ते ते स्वखर्चाने छोट्या पुस्तिकांच्या रूपात छापत.

या उपेक्षेमागे केवळ पदवीचा अहंकार होता, असे म्हणणे सोपे आहे, पण अर्धेच खरे आहे. गणितज्ञांचा एक आक्षेप खरोखर वजनदार होता. संख्या आणि तिचे अंक या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. माणसाच्या हाताला दहा बोटे आहेत, म्हणून आपण दहाच्या पटीत मोजतो. बाराच्या पटीत मोजणाऱ्यांच्या जगात हीच संख्या वेगळ्या अंकांनी लिहिली जाईल. संख्या मूळ आहे की नाही, हे मात्र मोजण्याची पद्धत बदलली तरी बदलत नाही. अंकांची बेरीज मात्र लगेच बदलते. त्यामुळे अंकांवर उभे असलेले गुणधर्म हे संख्येचे गुणधर्म कमी आणि आपल्या लिहिण्याच्या सवयीचे जास्त, असे मानले जाई.

रामानुजन यांना केंब्रिजला बोलावणारे जी. एच. हार्डी यांनी १९४० मध्ये प्रसिद्ध झालेल्या आपल्या पुस्तकात नेमके असेच उदाहरण घेतले होते. चार अंकी संख्यांपैकी ८७१२ आणि ९८०१ या दोनच संख्या अशा आहेत, की त्या आपल्या उलट्या संख्येच्या पटीत येतात. ८७१२ म्हणजे २१७८ ची चौपट आणि ९८०१ म्हणजे १०८९ ची नऊपट. (चारही अंक उलटसुलट सारखेच असलेल्या संख्या यात अर्थातच धरलेल्या नाहीत.) हार्डींच्या मते ही वृत्तपत्रांतल्या कोड्यांच्या रकान्यात शोभणारी गंमत होती. गणितज्ञाला मोहात पाडेल असे त्यात काही नव्हते. कापरेकरांना मात्र अशाच गोष्टींचा मोह होता. संख्येतील अंक उलटवल्याने काय घडते, यावर त्यांनी १९५३ मध्ये अमेरिकेतील ‘स्क्रिप्टा मॅथेमॅटिका’ या नियतकालिकात लेखही लिहिला.

योगायोग असा, की हार्डींनी बाजूला सारलेली ९८०१ ही संख्या म्हणजे ९९ चा वर्ग. तिचे मधोमध दोन तुकडे करा : ९८ आणि ०१. त्यांची बेरीज पुन्हा ९९. ज्या संख्येच्या वर्गाचे असे दोन तुकडे करून मिळवले असता तीच संख्या परत येते, त्या संख्यांना आज जगभर ‘कापरेकर संख्या’ म्हणतात. ४५ चा वर्ग २०२५, आणि २० अधिक २५ म्हणजे ४५. ५५ चा वर्ग ३०२५, आणि ३० अधिक २५ म्हणजे ५५. २९७ चा वर्ग ८८२०९, त्यातून ८८ आणि २०९. ७०३ चा वर्ग ४९४२०९, त्यातून ४९४ आणि २०९. २२२३ चा वर्ग ४९४१७२९, त्यातून ४९४ आणि १७२९. या शेवटच्या तुकड्यात हार्डी आणि रामानुजन यांच्या गोष्टीमुळे प्रसिद्ध झालेली १७२९ ही संख्या दडलेली आहे. या संख्या वरवर विखुरलेल्या वाटतात. पण ९९, ९९९, ९९९९ अशा नुसत्या नवांच्या संख्यांच्या विभाजकांशी त्यांचे पक्के नाते आहे, हे पुढे सिद्ध झाले.

कापरेकरांचा सर्वांत गाजलेला शोध १९४९ मधला. तो त्यांनी त्याच वर्षी मद्रास येथील गणित परिषदेत मांडला आणि १९५५ मध्ये ‘स्क्रिप्टा मॅथेमॅटिका’त प्रसिद्ध केला. तो समजायला तिसरी-चौथीची वजाबाकी पुरते.

कोणतीही चार अंकी संख्या घ्या. अट एकच, की तिचे चारही अंक सारखे नसावेत. तिचे अंक उतरत्या क्रमाने मांडून सर्वांत मोठी संख्या करा, चढत्या क्रमाने मांडून सर्वांत लहान करा आणि मोठीतून लहान वजा करा. जे उत्तर येईल त्यावर पुन्हा हीच कृती करा. उत्तरात तीनच अंक आले, तर पुढे शून्य धरून चार करा.

सोयगाव तालुक्यातील अजिंठ्याची लेणी शिकारीला आलेल्या जॉन स्मिथ या इंग्रज अधिकाऱ्याच्या नजरेस १८१९ मध्ये पडली. तेच साल घेऊ. ९८११ वजा ११८९ म्हणजे ८६२२. मग ८६२२ वजा २२६८ म्हणजे ६३५४. ६५४३ वजा ३४५६ म्हणजे ३०८७. ८७३० वजा ०३७८ म्हणजे ८३५२. ८५३२ वजा २३५८ म्हणजे ६१७४. आता ६१७४ वर तीच कृती करून पाहा. ७६४१ वजा १४६७ म्हणजे पुन्हा ६१७४. इथून पुढे काहीच बदलत नाही.

कोणत्याही सालापासून, वाहनाच्या चार अंकी क्रमांकापासून किंवा मनात आलेल्या कुठल्याही चार अंकांपासून निघा, जास्तीत जास्त सात पावलांत ६१७४ वर येऊन थांबावे लागते. कापरेकरांचे जन्मसाल १९०५ पूर्ण सात पावले चालवते : ९३५१, ८१७२, ७४४३, ३९९६, ६२६४, ४१७६ आणि ६१७४.

असे का होते? पहिल्या वजाबाकीतच रहस्य आहे. मोठ्या संख्येतून लहान संख्या वजा करताना उत्तर दोनच गोष्टींवर अवलंबून राहते. सर्वांत मोठा आणि सर्वांत लहान अंक यांतील फरक ९९९ ने गुणायचा, मधल्या दोन अंकांतील फरक ९० ने गुणायचा आणि दोन्हींची बेरीज करायची. १८१९ साठी पहिला फरक ८, दुसरा ७. म्हणून ७९९२ अधिक ६३०, म्हणजे ८६२२. पहिला फरक १ ते ९ यांपैकीच असणार आणि दुसरा पहिल्याहून मोठा असू शकत नाही. त्यामुळे अशा जोड्या फक्त ५४ होतात. म्हणजे ०००१ पासून ९९९८ पर्यंतच्या ९,९९० संख्या एका वजाबाकीत ५४ वाटांवर येऊन पोहोचतात. या ५४ वाटा एकेक करून तपासता येतात आणि त्या सगळ्या ६१७४ च्या चौकात येऊन मिळतात. आज या संख्येला ‘कापरेकर स्थिरांक’ म्हणतात. तीन अंकी संख्यांना असाच एक चौक आहे, ४९५.

संख्यांना नुसते तपासून कापरेकर थांबत नसत. ते त्यांचे कूळ ठरवत आणि त्यांना नावे देत. जिला आपल्याच अंकांच्या बेरजेने पूर्ण भाग जातो, तिला त्यांनी ‘हर्षद’ म्हटले, म्हणजे हर्ष देणारी. १८ ही हर्षद, कारण १ अधिक ८ म्हणजे ९, आणि ९ ने १८ ला भाग जातो. १७२९ ही हर्षद, कारण अंकांची बेरीज १९ आणि १९ गुणिले ९१ म्हणजे १७२९. ६१७४ हीसुद्धा हर्षद. तिच्या अंकांची बेरीज १८ आणि १८ ने भागले की ३४३ उरतात, म्हणजे ७ चा घन. सोयगावचा पिनकोड मात्र हर्षद नाही. त्याने अकराने भागून घेण्यास नकार दिला, हे आपण सुरुवातीलाच पाहिले.

दुसरे कूळ ‘स्वयंभू’ संख्यांचे. २१ मध्ये तिच्या अंकांची बेरीज ३ मिळवली की २४ येतात. म्हणून २१ ही २४ ची जनक. पण २० चा जनक शोधायला गेलात, तर कोणीच सापडत नाही. तिला जन्म देणारी संख्या नाही, ती स्वतःच प्रकटली. १, ३, ५, ७, ९, २०, ३१, ४२, ५३, ६४, ७५, ८६, ९७ या पहिल्या काही स्वयंभू संख्या. आपल्याकडे मूर्ती घडवलेली नसून आपोआप प्रकट झाली, असे मानले की तिला स्वयंभू म्हणतात. कापरेकरांनी तोच शब्द संख्येला लावला. या संख्यांना त्यांच्या गावावरून ‘देवळाली संख्या’ असेही नाव आहे. त्यांच्यावरची पुस्तिका त्यांनी १९६३ मध्ये स्वतः छापली. १९६३ हे साल स्वतःच स्वयंभू आहे, आणि ते देवळालीच्या शाळेत रुजू झाले ते १९३० सालही. ४३११२० मात्र स्वयंभू नाही. तिचा जनक ४३१११० आपल्याला आधीच भेटला आहे.

ती पुस्तिका छापली गेली, तेव्हा कापरेकर निवृत्त झालेले होते. नोकरीच्या काळातही बेताची असलेली आर्थिक स्थिती निवृत्तीनंतर आणखी अवघड झाली. १९६६ मध्ये त्यांच्या पत्नीचे निधन झाले. चरितार्थासाठी ते गणिताच्या आणि विज्ञानाच्या शिकवण्या घेऊ लागले. ज्या माणसाने १९४९ मध्येच ६१७४ जगापुढे ठेवली होती, तो साठी ओलांडल्यावर मुलांच्या शिकवण्यांवर घर चालवत होता. काम मात्र थांबले नाही. १९७३ मध्ये कोपर्निकसच्या जन्माला पाचशे वर्षे झाली. त्यानंतर कापरेकरांनी त्या थोर खगोलशास्त्रज्ञाच्या नावाने एक जादूचा चौरस रचून त्यावर लेख लिहिला. तो १९७४ मध्ये प्रसिद्ध झाला.

१९७५ मध्ये चित्र पालटले. अमेरिकेतील ‘सायंटिफिक अमेरिकन’ मासिकात मार्टिन गार्डनर गणिती खेळांवर सदर लिहीत. ते जगभर वाचले जाई. मार्च १९७५ च्या सदरात गार्डनर यांनी कापरेकरांच्या शोधांचा परिचय करून दिला. त्या वेळी कापरेकर सत्तर वर्षांचे होते. ज्या रंजक गणिताला हार्डींनी कोड्यांच्या रकान्यात पाठवले होते, त्याच प्रकारच्या एका सदराने देवळालीच्या मास्तरांना जगापुढे आणले. त्यानंतर परदेशांतील गणितप्रेमींनी त्यांच्या संख्यांचा अभ्यास सुरू केला आणि इथेही त्यांच्याकडे पाहण्याची नजर बदलली. पुढे अकरा वर्षांनी, १९८६ मध्ये, त्यांचे निधन झाले.

नावांच्या बाबतीत मात्र त्यांना पुरता न्याय मिळाला नाही. हर्षद संख्यांना परदेशात अनेकजण ‘निव्हेन संख्या’ म्हणतात, कारण आयव्हन निव्हेन या गणितज्ञाने १९७७ मध्ये एका परिषदेत त्यांच्याविषयी व्याख्यान दिले. स्वयंभू संख्यांना कित्येक पुस्तकांत ‘कोलंबियन संख्या’ म्हटले जाते, कारण १९७४ मध्ये कोलंबियातील बर्नार्डो रेकामान यांनी एका अमेरिकी नियतकालिकात त्यांच्याविषयी प्रश्न मांडला. कुणी कुणाचे चोरले, असा हा प्रकार नाही. स्वखर्चाने छापलेली पुस्तिका देवळालीहून फार दूर पोहोचत नाही, एवढाच त्याचा अर्थ. ज्याच्याकडे विद्यापीठाचे शिक्के आणि नामांकित नियतकालिके असतात, त्याने दिलेले नाव लवकर रुळते.

आणि ज्याला खेळ म्हणून हिणवले, तो किती खोल गेला, हेही पाहण्यासारखे आहे. १, २, ३ पासून १० पर्यंतच्या सलग दहाही संख्या हर्षद आहेत. मग सलग किती हर्षद संख्या सापडू शकतील? १९९३ मध्ये कूपर आणि केनेडी या गणितज्ञांनी सिद्ध केले, की सलग एकवीस हर्षद संख्या कुठेही सापडणार नाहीत, पण सलग वीस मात्र आहेत आणि अशा जागा अनंत आहेत. फक्त त्या फार दूर आहेत. सलग वीस हर्षद संख्यांचा पहिला गट ज्या संख्यांपाशी येतो, त्या इतक्या प्रचंड आहेत, की त्यांतील एक संख्या लिहायला ४,४३६ कोटींहून अधिक अंक लागतील. भागाकार शिकलेल्या मुलाला समजेल अशा प्रश्नाचे उत्तर एवढे मोठे निघाले.

डेम्लो संख्या ज्यांच्यापासून तयार होतात, त्या नुसत्या एकांच्या संख्यांचेही तसेच. ११ ही मूळ संख्या आहे. एकोणीस एकांची संख्या मूळ आहे आणि तेवीस एकांचीही. त्यानंतरची मूळ संख्या यायला एकदम ३१७ एक लागतात. ही संख्या मूळ असल्याचे १९७०च्या दशकात सिद्ध झाले. सोयगावच्या पिनकोडचा सर्वांत मोठा मूळ अवयव ३१७ च आहे, हा निव्वळ योगायोग. पण कापरेकरांच्या नजरेतून असा योगायोग सुटला नसता. १,०३१ एकांची संख्या मूळ असल्याची सिद्धता १९८६ मध्ये, त्यांच्या निधनाच्या वर्षीच, प्रसिद्ध झाली. अशा मूळ संख्या अनंत आहेत की नाहीत, याचे उत्तर अजून मिळालेले नाही.

अंकांचे गुणधर्म दशमान पद्धतीवर अवलंबून असतात, हा आक्षेप आजही खराच आहे. कापरेकरांनी गणिताचे एखादे मोठे सिद्धांतदालन उभारले नाही आणि रामानुजन यांच्या पंक्तीत त्यांना बसवण्याचीही गरज नाही. पण गणितात शिरायचे दार त्यांनी फार खाली, अगदी प्राथमिक शाळेच्या पायरीपाशी आणून ठेवले. त्यांच्या बहुतेक शोधांची पडताळणी करायला बेरीज, वजाबाकी, गुणाकार आणि भागाकार यांपलीकडे काही लागत नाही. ६१७४ का येते, हे स्वतः शोधणारा विद्यार्थी नकळत सिद्धता म्हणजे काय ते शिकतो. तीन अंकांसाठी चालते ते पाच अंकांसाठी चालेल का, असा पुढचा प्रश्न त्याला सुचला, तर तो संशोधनच करू लागलेला असतो.

त्या पुढच्या प्रश्नाचे उत्तर सोयगावच्या सहा अंकांवर पाहता येईल. सहा अंकी संख्यांना एकच चौक नाही. ५४९९४५ आणि ६३१७६४ या दोन संख्या ६१७४ सारख्याच स्थिर आहेत, पण काही वाटा दोघींपैकी कुणाकडेच जात नाहीत. ४३११२० चे अंक मोठ्याकडून लहानाकडे मांडले, तर ४३२११०, लहानाकडून मोठ्याकडे मांडले, तर ०११२३४. वजाबाकी ४२०८७६. पुढे क्रमाने येतात ८५१७४२, ७५०८४३, ८४०८५२, ८६०८३२, ८६२६३२ आणि ६४२६५४. मग ६६५४४२ मधून २४४५६६ वजा केले, की पुन्हा ४२०८७६. सात संख्यांचा हा फेरा पूर्ण झाला. सोयगावचा पिनकोड पहिल्याच वजाबाकीत त्यात शिरतो आणि कितीही वेळा वजाबाकी केली तरी त्यातून बाहेर पडत नाही.

आपल्या गावाचा पिनकोड कुठे जातो, ५४९९४५ वर थांबतो, ६३१७६४ वर थांबतो की या फेऱ्यात अडकतो, हे पाहायला पाठकोऱ्या कागदाची एक बाजू पुरेल.